सगळ्यांचे मेल एकदम

हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि आमच्या मालकांना नावाचं महत्त्व पटलं. कंपनीचं नाव बदललं, पाटी बदलली, बिलबुकं बदलली. जाता जाता मला म्हणाले, "सीआरएममधले सगळ्यांचे ईमेल पण बदलून टाक. कॉम्प्युटरच करतो ना?"

करतो की! सीआरएम म्हणजे गिऱ्हाइकांच्या नोंदी ठेवायचं सॉफ्टवेअर. त्यातली युजरची, म्हणजे ते वापरणाऱ्या आमच्याच माणसांची, यादी एक्सेलमध्ये उतरवायची, ईमेलचा रकाना बदलायचा, फाइल परत चढवायची. कुडाळात लाइट टिकली तर चहा संपायच्या आत होणारं काम. फक्त आमच्याकडे अर्धे सावंत आणि उरलेले परब. नुसतं 'एस सावंत' कोणाला द्यायचं? त्यातले एक सावंत मालकांचे मेहुणे निघाले, प्रश्न मिटला.

मग फाइल चढेना. काही पत्त्यांच्या शेपटीला रिकामी जागा चिकटलेली. एक्सेलचं ट्रिम, म्हणजे जास्तीची जागा छाटणारं सूत्र लावलं, ढिम्म हलेना. ट्रिम काढतं ती कॉम्प्युटरच्या अक्षरयादीतली 32 नंबरची साधी स्पेस. ही होती कुठूनतरी कॉपी-पेस्टमधून आलेली 160 नंबरची. दिसायला दोघी सारख्याच, म्हणजे कोऱ्या. सब्स्टिट्यूट, म्हणजे एकाच्या जागी दुसरं घालणारं सूत्र लावून तिला घालवली.

फाइल चढली. मालकांना 'झालं' म्हणून कळवणार, तोच वेंगुर्ल्याच्या अकाउंटवाल्या ताईंचा फोन. "नवीन मेल टाकून लॉगिन होत नाही हो." होणार कसं? लॉगिनचं नाव दिसतं ईमेलसारखं, पण तो रकाना वेगळा. ईमेल बदलला तरी ते जुनंच राहतं. हे एकेकाला फोनवर समजावताना माझा घसा बसला.

शिवाय नवीन पत्त्यावर एक मेल जातो. त्यातल्या लिंकवर ज्याने त्याने स्वतः क्लिक करायचं, तोवर जुनाच पत्ता चालू. मला वाटतं, एकगठ्ठा हा शब्द शोधणाऱ्याने देवगडच्या गोडाऊनमध्ये कधी फोन केला नसावा.

"तात्या, मेल आला?"

"इलो. पण मी उघडूक नाय. तूच सांगलंस मां, लिंकवर क्लिक करू नको म्हणान?"

सांगितलं होतं खरं. सायबर फसवणुकीचं पोस्टरसुद्धा मीच चिकटवलंय, तात्यांच्या टेबलासमोर. लिंकची मुदत संपत आली, तेव्हा देवगडची एसटी पकडली. तात्या पेटीत पेंढा भरत होते. हात झटकून त्यांनी चष्मा लावला, मेल अथपासून इतिपर्यंत वाचला, लिंकच्या वर बोट अधांतरी धरलं आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "खात्यातले पैसे जावचे नाय मां?"