मर्यादा आधी होतीच की
लेखात म्हटलंय फुटबॉल खेळाडूंच्या पगाराला मर्यादा घाला, अहो पण इंग्लंडमध्ये ती होतीच, 1961 पर्यंत आठवड्याला जास्तीत जास्त 20 पौंड, तेव्हाही स्टेडियम खचाखच भरायची, मग तिकिटांचा पैसा खेळाडूला मिळत नव्हता तर कुणाला मिळायचा? खरा घोळ टीव्हीच्या पैशाचा आहे. वरच्या लीगला छप्पर फाडके, खालच्यांना चिल्लर. इंग्लंडमधला ‘बरी’ हा 1885 चा क्लब, 2019 मध्ये लीगमधून हाकलला, का तर देणी भागवायला पैसे आहेत हेच दाखवता आलं नाही, आणि दोनच वर्षं आधी पॅरिसच्या पीएसजी क्लबने एकट्या नेमारसाठी 222 मिलियन युरो मोजलेले! इथे इंदूरला आमची पोरं पण रात्री जागून मँचेस्टर सिटी नाहीतर रियाल माद्रिदच बघतात, बरीची मॅच कोण बघतंय भिया, सबस्क्रिप्शन मात्र मी भरतोय.