ब्रिक्सची नोट छापून तयार, म्हणे!

व्हॉट्सॅपवर एक संदेश अधूनमधून नव्याने उगवतो आणि गोव्यातल्या गटांमध्ये जरा जास्तच फिरतो. आशय असा: ब्रिक्स देशांचे (ब्राझील, रशिया, भारत, चीन, दक्षिण आफ्रिका आणि नंतर सामील झालेले इतर) सामायिक चलन तयार आहे, पुतिन यांच्या हातातली नोट हा त्याचा पुरावा. निर्णय 2016 सालीच आपल्या दक्षिण गोव्यातल्या बाणावलीत झाला होता. युरोपने एका रात्रीत चलन बदलले, गोव्यानेही 1961 मध्ये बदलले, मग अडचण कसली? आणि हे चलन आले की डॉलर संपला. तेव्हा तारवट्यांनी, म्हणजे जहाजावर नोकरी करणाऱ्यांनी, नि गल्फवाल्यांनी आपले डॉलर आत्ताच मोडून घ्यावेत.

शेवटचा सल्ला नसता तर हसून सोडून दिले असते. पण कुणाच्या कष्टाच्या पैशाला हात घातला की एकेक मुद्दा तपासावाच लागतो.

आधी तो फोटो. फोटो खरा आहे, नोट नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये रशियातल्या कझान शहरात ब्रिक्सची शिखर परिषद झाली, तेव्हा पुतिन यांच्या हाती एक प्रतीकात्मक नोट आली. ती भेटवस्तू होती, कुठल्याही मध्यवर्ती बँकेने काढलेली नव्हे. त्याच परिषदेच्या काही दिवस आधी खुद्द पुतिन यांनी पत्रकारांना सांगितले होते की सामायिक चलनाचा विचार सध्या चालू नाही, त्याची वेळ अजून आलेली नाही. डिसेंबरमध्ये एस. जयशंकर यांनीही दोहात सांगितले की असा काही प्रस्तावच नाही.

त्या नोटेवर ताजमहाल आहे म्हणून आपल्याकडे फार कौतुक झाले. खऱ्या सामायिक नोटेचे काम करणाऱ्याला नेमका तिथेच घाम फुटतो. युरोच्या नोटा ऑस्ट्रियाच्या मध्यवर्ती बँकेतले रॉबर्ट कालिना यांनी रेखाटल्या. त्यांच्या सुरुवातीच्या आराखड्यांतले काही पूल खऱ्या पुलांसारखे दिसत होते, व्हेनिसच्या रियाल्टोसारखे. मग इटलीचा पूल घेतला तर स्पेनचा का नाही, हा वाद आलाच. शेवटी कुठेच नसलेले, निव्वळ काल्पनिक पूल छापले गेले. ताजमहाल असलेली नोट बीजिंग नि ब्राझिलियाने बिनतक्रार पास केली, यावर विश्वास ठेवायला छाती लागते.

बाणावलीचा मुद्दा दोन ओळींत आटपतो. ऑक्टोबर 2016 मध्ये तिथे आठवी ब्रिक्स परिषद झाली, हे खरे. तिच्या जाहीरनाम्यात दहशतवाद आहे, ब्रिक्सची स्वतंत्र पतमानांकन संस्था काढता येईल का याचा विचार आहे. सामायिक चलनाचा निर्णय नाही.

आता ‘युरोपने एका रात्रीत केले’. ही रात्र म्हणजे 31 डिसेंबर 2001 ची, आणि तिच्यामागे दहा वर्षे उभी होती. सामायिक चलनाचा पाया घालणारा मास्त्रिख्तचा करार फेब्रुवारी 1992 मध्ये झाला. चलनाचे नाव 1995 च्या डिसेंबरात माद्रिदला ठरले. 1 जानेवारी 1999 रोजी 11 देशांचे विनिमय दर कायमचे गोठवले गेले. पोर्तुगालचे तेव्हाचे चलन एस्कुदो; त्याचा दर होता 1 युरोला 200.482 एस्कुदो. दशांशानंतरचे तीन आकडे कुणालाही गाळायची मुभा नव्हती. म्हणजे युरो बँकांच्या खात्यांत आणि हिशेबात आला, पण खिशात यायला आणखी तीन वर्षे लागली.

त्या तीन वर्षांत छपाई चालली. पहिल्या दिवसासाठी सुमारे 1500 कोटी नोटा आणि 5200 कोटी नाणी बनवली गेली. नाण्यांना लागलेला धातूच अडीच लाख टनांच्या घरात. नाण्यांचा तपशील ठरल्यावरही बदलावा लागला: अंधांच्या संघटनेच्या मागणीवरून 10 आणि 50 सेंटच्या नाण्यांची कड जास्त खरबरीत केली आणि वेंडिंग मशीनवाल्यांच्या तक्रारीमुळे 50 सेंटचे वजन वाढवले. सप्टेंबर 2001 पासून बँकांकडे माल पोहोचवायला सुरुवात झाली. लोकांना डिसेंबरच्या मध्यात नाण्यांच्या पिशव्या मिळाल्या, नोटा नाहीत. आणि 1 जानेवारीनंतरही बहुतेक देशांत जुने-नवे चलन काही आठवडे बरोबरीने चालले, पोर्तुगालमध्ये फेब्रुवारीअखेरपर्यंत. एस्कुदोच्या नोटा बँक ऑफ पोर्तुगालमध्ये बदलून घ्यायची मुदत संपली ती थेट 2022 मध्ये.

घाईत काय होते ते आपण पाहिलेच आहे. बाणावलीची परिषद संपून महिनाही झाला नव्हता, तोच नोटाबंदीचा 8 नोव्हेंबर 2016 उजाडला. देश एकच, रिझर्व्ह बँक एकच, तरी नव्या नोटांचा आकार वेगळा म्हणून एटीएममधले कप्पे एकेक करून बदलत बसावे लागले. ते काम वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या बँकांकडून करून घ्यायचे आहे अशी नुसती कल्पना करा.

गोव्याच्या 1961 च्या दाखल्याने मात्र मला खरेच चीड येते, कारण तो आपलाच इतिहास आहे. मुक्तीनंतर एस्कुदो गेला आणि रुपया आला. पण त्यात नवे चलन घडवले गेले नव्हते. जेमतेम सहा लाख वस्तीचा प्रदेश आधीपासून चालत आलेल्या रुपयात सामील झाला. खरा बदल तीनेक वर्षे आधी झाला होता. पोर्तुगीज भारताचा ‘रुपिया’ मोडून एस्कुदो आणला गेला तेव्हा 1 रुपियाला 6 एस्कुदो असा दर ठरला. कुणाच्या घरी जुन्या पेटीत बांको नासियोनाल उल्त्रामारिनोच्या (पोर्तुगीज अमलात इथल्या नोटा काढणारी बँक) नोटा असतील तर त्यांतले काही आकडे बघा: 30, 60, 300, 600. आज विचित्र वाटतात. सहाने भागा म्हणजे 5, 10, 50, 100 मिळतील. कागदावर एस्कुदो लिहिला, पण बाजार रुपियातच मोजणार हे बँकेला पक्के ठाऊक होते.

आणि सगळे एका रात्रीत मिटले, हेही खोटे. गोंयकारांनी त्याच बँकेत तारण ठेवलेले सोने डिसेंबर 1961 च्या आधी लिस्बनला रवाना झाले होते. ते परत यायला 1991 उजाडले. कुणाचे कानातले, कुणाचे मंगळसूत्र. ठेवणारे कित्येक जण तोवर हयात नव्हते.

आता राहिला डॉलर. देशादेशांनी आपापल्या चलनात व्यापार करणे आणि सामायिक चलन, या दोन गोष्टींची संदेशात खिचडी केली आहे. पहिली गोष्ट खरी आहे. रिझर्व्ह बँकेने जुलै 2022 पासून रुपयात व्यापाराची सोय दिली आहे. तिच्यातली अडचणही गोव्यातच बोलून दाखवली गेली. मे 2023 मध्ये शांघाय सहकार्य संघटनेच्या बैठकीसाठी आलेले रशियाचे परराष्ट्रमंत्री लाव्हरोव्ह पत्रकारांना म्हणाले की भारतीय बँकांत त्यांचे अब्जावधी रुपये साठले आहेत, पण वापरायचे तर दुसऱ्या चलनात बदलावे लागतील. तेल आपण ढिगाने घेतो, त्यांना विकायला आपल्याकडे तेवढे काही नाही.

सामायिक चलन म्हणजे याच्याही पुढची पायरी: सगळ्यांचा व्याजदर एका बँकेने ठरवायचा. मूळ ब्रिक्समधल्या बाकी चौघांची अर्थव्यवस्था एकत्र केली तरी चीनची त्याहून मोठी. मग त्या बँकेत कुणाचा शब्द चालेल? पोर्तुगालला याची किंमत 2011 मध्ये कळली. कर्ज डोईजड झाले, एस्कुदो असता तर त्याची किंमत पाडून निर्यात तगवता आली असती, तो मार्ग बंद होता. 78 अब्ज युरोची मदत घ्यावी लागली आणि तिच्याबरोबर पगारकपात नि करवाढ आली. लिस्बनमध्ये तेव्हा नोकरी करणाऱ्या कुणाही गोंयकाराला विचारा.

गल्फवाल्यांसाठी एवढेच. संयुक्त अरब अमिराती 2024 पासून ब्रिक्सची सभासद आहे आणि तिचा दिरहाम 1997 पासून डॉलरला 3.6725 या दराने बांधलेला आहे. डॉलर बुडाला तर दिरहामही बुडेल, आणि दुबईला तशी घाई झालेली दिसत नाही. जहाजावरच्या पगाराचे डॉलर घरदुरुस्तीला, पोरांच्या फीला हवे असतील तर जरूर मोडा. नको असतील तर अनिवासी भारतीयांसाठी एफसीएनआर ठेव आहे; ती डॉलरमध्ये ठेवता येते, पाउंडात, युरोत ठेवता येते. ब्रिक्स त्या यादीत नाही.