भूक गेली, हौस राहिली

"ऑपरेशन करून बारीक झाली ना, मग त्यात काय एवढं?" असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी एक दिवस ३० मिलीच्या औषधाच्या कपातून पाणी प्यायला लावणार आहे. नुसतं पाणी, बाकी काही नाही. संध्याकाळी बोलू.

मुळात जठर लहान करून वजन उतरवायच्या या ऑपरेशनसाठी तुम्हाला कोणी लगेच टेबलावर घेत नाही. आधी फिजिशियन बघतात, भूलतज्ज्ञ बघतात, घशातून दुर्बीण घालून जठर बघतात आणि एक रात्र तुम्ही झोपेत किती वेळा श्वास घ्यायचा विसरता तेही बघतात. मला नोकरीला घेतानासुद्धा इतक्या लोकांनी पारखलं नव्हतं. या सगळ्याच्या वर असतो तो बीएमआय, म्हणजे किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. हे सूत्र अडॉल्फ केटले या बेल्जियन माणसाने १८३२ च्या सुमारास मांडलं. हा गृहस्थ डॉक्टर नव्हता, गणिती आणि खगोलशास्त्रज्ञ होता. खगोलशास्त्रज्ञाने दखल घ्यावी इतका माझा विस्तार होता, हे मला मान्य आहे. पात्रतेचा आकडा १९९१ साली अमेरिकेत ४० ठरला होता, मधुमेहासारखा आजार सोबत असेल तर ३५. पुढे २०२२ मध्ये तज्ज्ञांनी तो नुसत्या ३५ वर आणला. मी जुन्या आणि नव्या दोन्ही निकषांत आरामात बसत होते. तसंही आरामात बसणं मला कधीच जड गेलेलं नाही.

मग मानसोपचारतज्ज्ञ बाई. अगदी शांत आवाजात त्यांनी विचारलं, "तुम्ही भूक लागल्यावरच खाता, की इतर वेळीही?"

"भूक लागल्यावरच," मी म्हणाले. "पण ती सारखी लागते."

यावर त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. माझं वाक्य एवढंसं होतं आणि त्या बराच वेळ लिहीत होत्या.

सर्जन मात्र खुशीत होते. त्यांनी कागदावर जठर काढलं, मधून रेघ मारली आणि म्हणाले, "एवढं जाणार." रेघेच्या पलीकडे जवळजवळ सगळंच होतं. स्लीव्ह नावाच्या या ऑपरेशनमध्ये जठराचा ७५ ते ८० टक्के भाग स्टेपलरने शिवून कापून काढतात आणि मागे केळ्यासारखी एक अरुंद नळी राहते. दुसरा पर्याय बायपासचा, म्हणजे अन्नाला जठराच्या मोठ्या भागाला वळसा घालायला लावण्याचा. तो एडवर्ड मेसन या अमेरिकन सर्जनने १९६६ साली सुरू केला. अल्सरसाठी ज्यांच्या जठराचा काही भाग काढला होता त्यांचं वजन उतरतं आणि मग काही केल्या वाढत नाही, यावरून ती कल्पना निघाली. काही केल्या वजन वाढत नाही अशीही तक्रार घेऊन माणसं डॉक्टरकडे जातात, हे ऐकून मला त्यांचा फार हेवा वाटला.

पण माझं मन जिंकलं ते घ्रेलिनने. हा भुकेचा हॉर्मोन. कोजिमा आणि कांगावा या जपानी शास्त्रज्ञांनी तो १९९९ साली उंदराच्या जठरात शोधून काढला. मला विचारलं असतं तर उंदरांना त्रास द्यावा लागला नसता. तो बहुतांशी जठराच्या वरच्या फुगीर भागात तयार होतो आणि स्लीव्हमध्ये नेमका तोच भाग जातो.

"म्हणजे भूकच जाणार?" मी विचारलं.

"सुरुवातीला बरीचशी," डॉक्टर म्हणाले.

इतक्या वर्षांच्या गुन्हेगाराचं नाव कळलं होतं, पत्ता कळला होता आणि आता त्याला घरासकट उचलणार होते. मी तिथल्या तिथे सही केली.

ऑपरेशनच्या आधी दोन आठवडे फक्त पातळ पदार्थ. हे पोटासाठी असतं असं कोणालाही वाटेल, पण ते असतं यकृतासाठी. चरबी साठलेलं यकृत जठरावर पसरून बसलेलं असतं. ते जरा आकसलं तर सर्जनला खालचं दिसणार. म्हणजे मी इथेही कोणाच्या तरी समोर बसून त्याचा पडदा अडवत होते. त्या काळात माझ्यासमोर खायला नको म्हणून नवरा ताट घेऊन बाल्कनीत जायचा. दार लोटून घ्यायचा, पण खिडकी उघडी ठेवायचा. माणसाच्या प्रेमालासुद्धा एक बाजू उघडी असते.

प्रत्यक्ष ऑपरेशनबद्दल सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही, कारण तेव्हा मी हजर नव्हते.

शुद्धीवर आले तेव्हा खांदा ठणकत होता. पोट कापलंय आणि दुखतोय खांदा! काम करायला जागा मिळावी म्हणून दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये पोट कार्बन डायऑक्साइडने फुगवतात. त्याने श्वासपटल चुरचुरतं, आणि श्वासपटल व खांदा यांच्या नसा मानेतून शेजारी शेजारी निघत असल्यामुळे मेंदू चुकीच्या पत्त्यावर तक्रार नोंदवतो. मी सिस्टरना म्हटलं, खांदा दुखतोय. म्हणाल्या, चाला. मळमळतंय म्हटलं, चाला. झोप येत नाही म्हटलं, मग चालाच. पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून घट्ट मोजे, पोटात रक्त पातळ ठेवायचं इंजेक्शन आणि वर हे चालणं. सलाइनचा स्टँड ढकलत कॉरिडॉरमधून फेऱ्या मारताना माझ्यासारख्याच आणखी एक बाई समोरून यायच्या. आम्ही एकमेकींकडे पाहून मान हलवायचो. बोलण्याइतका श्वास दोघींकडेही नव्हता.

आता त्या कपाविषयी. प्लॅस्टिकचा, आतून रेघा असलेला, खोकल्याच्या औषधाच्या झाकणाहून जेमतेम मोठा. ३० मिली पाणी १५ मिनिटांत, घोट घोट करत संपवायचं. पहिला घोट घेतला आणि तो कुठवर पोचला ते मला बसल्या जागी सांगता येत होतं: आता घशात, आता छातीच्या मध्यावर, आता फाटकाशी उभा, आत घेतायत का बघतोय. आत घेतला की एक बारीकसा गुरगुराट, तोही शेजारच्या खाटेपर्यंत ऐकू जाईल असा. स्ट्रॉ नको, कारण हवा जाते. सोड्याचं तर नावही काढायचं नाही. आणि दिवसाचं लक्ष्य दीड लिटर. माझा हिशेब कच्चा आहे तरी मी केला: तासाला १२० मिली, म्हणजे दीड लिटरला साडेबारा तास. ही चक्क नोकरी झाली, तीही जेवणाची सुट्टी नसलेली.

पुढचं सगळं क्रमाने येतं. आधी स्वच्छ पातळ, मग दाट पातळ, मग मऊ लगदा, मग चमच्याने मोडेल असं काहीतरी आणि सहा-आठ आठवड्यांनी माणसांचं अन्न. जेवताना पाणी प्यायचं नाही, जेवल्यावरही अर्धा तास नाही. प्रोटीन दिवसाला किमान ६० ग्रॅम, आणि ते आधी खायचं, बाकीचं नंतर. बाकीच्याची पाळी कधी येतच नाही. शिवाय गोळ्या: बी-१२, लोह, कॅल्शियम, डी, जन्मभर. लोह आणि कॅल्शियमचं आपसात पटत नाही, म्हणून त्यांच्यात दोन तासांचं अंतर. आमच्या घरात मोबाइलचा गजर वाजला की सगळे आळीपाळीने विचारतात, "पाणी, प्रोटीन की गोळी?"

पहिलं उकडलेलं अंडं मी समारंभाने खाल्लं. बशीत ठेवलं, करंगळीच्या नखाएवढे तुकडे केले, प्रत्येक तुकडा तीस वेळा चावला. (सत्ताविसाव्या वेळेनंतर आपण नक्की काय चावतोय, याचं गूढ कायम राहतं.) अर्धं अंडं झालं आणि अचानक माझं नाक गळायला लागलं. हे आहारतज्ज्ञ बाईंनी सांगून ठेवलं होतं. आता पोट भरल्याचं पोट सांगत नाही. कोणाला उचकी लागते, कोणाला शिंका येतात, कोणाचं नाक वाहतं. माझ्या पोटाने नाकाची निवड केली. नाक वाहिलं की चमचा खाली. पण बशीत एक तुकडा राहिला होता आणि अन्न वाया घालवायचं नाही हे माझ्या हाडीमासी. मी तो खाल्ला. पुढचा पाऊण तास छातीच्या हाडामागे तो तुकडा आणि मी, आमची समोरासमोर बोलणी चालली होती. शेवटी तो आला त्या वाटेने परत गेला, फेसासकट.

भूक खरोखर गेली होती. दुपार झाली तरी पोटात शुकशुकाट. आणि तरीही एका रात्री अकराच्या सुमारास मी फ्रिजच्या उघड्या दारासमोर उभी होते. पाय आपले आपण तिथे आले होते. भूक नाही. जागा तर त्याहून नाही. खाण्यासारखं जे समोर होतं, त्यातलं काही मला चालणार नव्हतं. तरी मी वरच्या कप्प्यापासून खालच्या कप्प्यापर्यंत सगळं नीट पाहिलं, डब्यांची झाकणं उचलली, परत लावली. दार उघडं राहिल्याची शिटी वाजायला लागली तेव्हा तिथून हलले.

दुसऱ्या दिवसापासून मी स्वतःवर पाळत ठेवली. काम संपलं की खायला हात जातो. काम संपत नसलं तरी जातो. मोठ्या बहिणीचा फोन येऊन गेला की जातोच जातो. टीव्हीवर कोणी रडलं, जाहिरात लागली, वीज गेली, वीज आली, तरी जातो. यातल्या एकाही वेळी घ्रेलिनचा संबंध नव्हता. तो बिचारा कधीचा बाटलीत भरून पॅथॉलॉजीला गेला होता. पुढच्या तपासणीला मी हे सगळं मानसोपचारतज्ज्ञ बाईंना सांगितलं. त्यांनी माझी फाइल उघडली, मागचं पान काढलं, जिथे त्या दिवशी एवढं लिहिलं होतं त्यावर बोट ठेवलं आणि नुसत्या हसल्या. मीही वाचायला मागितलं नाही.

मग रिकाम्या हातांचं काय करायचं हा प्रश्न. मी लोकर आणली. घरातल्या प्रत्येकाला मफलर झाला आहे, नवऱ्याला तर दोन. चरबी गेल्यामुळे आता थंडी फक्त मलाच वाजते, म्हणून ते सगळे मीच वापरते.

मध्ये तिसऱ्या आठवड्यात वजनाचा काटा थांबला. खात नाही, पीत नाही, तरी काटा हलेना. हे बहुतेकांचं होतं, शरीर पाणी धरून बसतं, असं डॉक्टरांनी सांगितलं. पुढे तीन-चार महिन्यांनी केस गळायला लागले. हेही बहुतेकांचं होतं आणि परत येतात, असंही सांगितलं. रोज सकाळी कंगव्यात निघालेला पुंजका पाहून मी मनात म्हणायचे, चला, तेवढेच ग्रॅम.

फायदे सांगितले नाहीत तर डॉक्टर रागावतील. साखरेच्या गोळ्या कमी झाल्या, झोपेत श्वास अडू न देणारं यंत्र कपाटात गेलं, जिना चढताना मध्ये थांबून भिंतीवरचा रंग न्याहाळावा लागत नाही. फक्त कोणाकडे जेवायला गेलं की पंचाईत होते. परवा एका स्नेह्यांकडे गेलो होतो. त्या दुपारी बऱ्याच महिन्यांनी मला खरीखुरी भूक लागली, अगदी किरकोळ, पण ओळखू येईल अशी. डॉक्टर म्हणाले होतेच, ती हळूहळू परत येते. मी आनंदाने ताट घेतलं, मन लावून चार घास खाल्ले आणि पदराला नाक पुसलं.

"अगं बाई, सर्दी झाली का तुम्हाला?" यजमानीणबाईंनी काळजीने विचारलं.

"नाही हो," मी म्हटलं, "जेवण झालं."