चार युरो वीसचा काढा

मी आजारी नाही. परवाही नव्हतो. हे आधी सांगून टाकतो, कारण परवा दुपारी व्हिएन्नातल्या एका खाणावळीत दहा-बारा अनोळखी माणसं माझ्याकडे बघून हळहळली आणि त्या हळहळीचे चार युरो वीस सेंट माझ्याच खिशातून गेले.

मिल्या माझा सोलापूरचा शाळासोबती. सोळा वर्षं झाली व्हिएन्नात राहून. म्हणाला, "टुरिस्टांच्या हॉटेलात कशाला बे, खऱ्या बाइझलमध्ये जेवू." बाइझल म्हणजे तिथली साधी, गल्लीतली खाणावळ. भिंतीला अर्ध्यापर्यंत लाकूड, दाराशी खडूने लिहिलेला फळा, आणि दुपारच्या वेळेला सूप अधिक एक पदार्थ असं ठरावीक दराचं जेवण, ११ युरो ९० सेंट. मी तिकडे कुठलाही आकडा दिसला की मनात शंभराने गुणतो. त्याने भूक कमी होते, पण सवय सुटत नाही.

बसलो. आपल्याकडे बूड टेकायच्या आत पोऱ्या चार ग्लासांत चार बोटं बुडवून पाणी आदळून जातो. इथे वेटर दोनदा आमच्या अंगावरून गेला, पण पाण्याला विचारलं नाही. शेवटी मी मागितलं. बाटलीतलं की नळाचं? नळाचं. त्याने नाक न मुरडता, पण मुरडल्याचा भास होईल असं बघितलं.

"अरे, हे पाणी थेट आल्प्समधलं," मिल्या आपणच पाइप टाकल्यासारखा सांगू लागला. "पहिली लाइन १८७३ ची, दुसरी १९१० ची. डोंगरातल्या झऱ्यांचं पाणी उताराने शहरात येतं. पंप नाही, काही नाही."

आता हे कुणाला सांगावं? आमचं उजनी काठोकाठ भरलेलं असतं तेव्हाही घरच्या नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं. ते रात्री किती वाजता येणार, हे ज्याला आधी कळतं त्याला गल्लीत नगरसेवकापेक्षा जास्त मान असतो. पण त्याच सोलापुरात कुठल्याही हॉटेलात शिरा, पाण्याचा तांब्या फुकट. इथे बिलात एक युरो पन्नास लावले. उताराने आपोआप येणाऱ्या पाण्याचे! पंप असता तर किती लावले असते कोण जाणे.

सूप आलं. डोशाच्या बारीक पट्ट्या कापून टाकल्यात असं दिसणारं. मी अंड्यापर्यंतचा शाकाहारी, म्हणून विचारून घेतलं. वेटर म्हणाला, मांस अजिबात नाही. रस्सा कशाचा? गाईच्या हाडांचा. पण मांस नाही! त्याच्या दृष्टीने तो खरंच बोलत होता. मी वाटी सरकवली. मिल्याने स्वतःचं सूप संपवलं आणि मग माझंही. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तेवढ्यात आजीबाई आल्या. वय ऐंशीच्या घरात, डोक्यावर फेल्टची टोपी, हाताला दोरी आणि दोरीच्या टोकाला आखूड पायांचा लांबलचक कुत्रा. तिकडे टेबलाला रिकामी खुर्ची दिसली की "इथे कुणी आहे का?" विचारून परकी माणसं बसतात. त्याचं मला काही नाही, आपल्याकडेही गर्दीच्या वेळी तसंच. कुत्रा टेबलाखाली माझ्या बुटांवर आडवा झाला. आजींनी सगळ्यांना "माल्त्साइट!" म्हटलं, म्हणजे तिकडचा दुपारच्या जेवणाचा रामराम. मग श्नित्सल, म्हणजे पाव-चुऱ्यात घोळून तळलेला मांसाचा पातळ तुकडा, मागवलं आणि मला शिकवणी सुरू केली. विनर श्नित्सल असं नाव लावायचं तर ते वासराचंच पाहिजे, तसा कायदा आहे. त्यावर लिंबू चालतं. रस्सा ओतणं हे जर्मनांचं काम. मिल्या भाषांतर करत होता. वासरू म्हटल्यावर मी आवंढा गिळला, ते त्यांना आदराचं लक्षण वाटलं असावं.

माझ्यासमोर आयरनोकर्ल आले होते. मैद्याचे उकडलेले बारके गोळे अंड्यात परतलेले आणि शेजारी हिरवी पानं. वाईट नव्हतं, पण तापातून उठलेल्या माणसाला पहिल्या दिवशी द्यावं तशा चवीचं होतं. मी खिशातून स्टीलची डबी काढली. बायकोने दिलेली शेंगाचटणी, उखळात कुटलेली, तेल सुटलेली. एक चमचा टाकला, मग दुसरा.

आजींचा काटा हवेतच थांबला. "हे काय?"

आणि इथे मिल्याने माती खाल्ली. सोलापुरात वाढलेला माणूस, ज्याने दहावीपर्यंत डब्यात कडक भाकरी आणि हीच चटणी आणली, तो आजींकडे बघून हसला आणि म्हणाला, "औषध आहे. त्याचं पोट."

"म्हटलं असतंस चटणी!" मी मराठीत ओरडलो.

"इथे स्वयंपाक्याच्या पदार्थावर असं काही घातलं की अपमान वाटतो बे. गप खा."

मी तिसरा चमचा घातला. आजींनी छातीला हात लावला. तीन? रोज? जेवणाआधी की बरोबर? मिल्याने गंभीरपणे सांगितलं, बरोबर. मग आजींनी पर्समधून सात खणांची प्लॅस्टिकची डबी काढली आणि माझ्या स्टीलच्या डबीला लावून ठेवली. सोमवारच्या खणापासून सुरुवात झाली. पांढरी गोळी रक्तदाबाची. पिवळी कशाची ते मिल्यालाही कळलं नाही. बुधवारी अर्धी जास्त. गुरुवारपर्यंत आलो तेव्हा माझे गोळे गार झाले होते. मग पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. मग कैलासवासी यजमानांचं पोट, तेही दुपारीच बिघडायचं. मध्येच चटणीचा एक कण खाली पडला, कुत्र्याने तो हुंगला आणि सलग पाच-सहा शिंका दिल्या. आजींनी त्याला चटकन उचलून मांडीवर घेतलं, माझ्यापासून लांबच्या बाजूला. लागण होईल म्हणून!

मग त्यांनी "हेर ओबर!" अशी वेटरला हाक दिली आणि अख्ख्या खाणावळीला माझा केस पेपर वाचून दाखवला. "इंडिया" आणि "मागेन" एवढं मला कळलं. मागेन म्हणजे पोट. दहा-बारा माना वळल्या. एका काकांनी हातातला बिअरचा ग्लास खाली ठेवला. आणि पाण्यासाठी ज्याला तीनदा हाक मारावी लागली होती, तो वेटर अर्ध्या मिनिटात आला, टेबलावरची मिरपूड उचलून घेऊन गेला आणि परत येऊन वाफाळता कप ठेवला. कॅमोमाइल नावाच्या फुलांचा काढा. मी तो घेतला, कारण आजी टक लावून बघत होत्या. गरम पाण्यात गवत भिजवल्याची चव होती. त्या "चांगलं, चांगलं" म्हणत राहिल्या. खरं सांगतो, सहा दिवसांत त्या शहरात माझी एवढी विचारपूस दुसऱ्या कुणी केली नव्हती, म्हणून आजींवर माझा राग नाही.

राग पुढच्यावर आहे. वेटर कमरेचं जाडजूड काळं पाकीट काढून उभा राहिला आणि विचारलं, "त्सुझामेन ओडर गेट्रेन्ट?" एकत्र की वेगळं? आपल्याकडे या क्षणी काय होतं ते सांगायला नको. मनगटं धरतात, गल्ल्यावरच्या माणसाला दम देतात, खिशात नोटा कोंबतात. मी हात खिशाकडे नेलाही होता. मिल्या पापणी न लवता म्हणाला, "गेट्रेन्ट."

माझं सूप प्यायला होता तो!

माझ्या वाट्याला ११.९० चं जेवण, दीड युरोचं पाणी आणि न मागितलेला ४.२० चा काढा. एकूण १७ युरो ६० सेंट. मी कपाकडे बोट दाखवलं. वेटरने आजींकडे, आजींनी माझ्या पोटाकडे पाहिलं. मी पैसे दिले. आजी माझा दंड थोपटून म्हणाल्या, "गूटे बेसेरुंग." लवकर बरे व्हा.

संध्याकाळी मी बॅग भरत होतो तेव्हा मिल्याचा मेसेज आला. "बे, ती चटणी उरली असेल तर माझ्याकडे ठेवून जा ना. इथे मिळत नाही."

मी एका शब्दात उत्तर पाठवलं. गेट्रेन्ट.