आधी फलक, मग इमारत

ऐतिहासिक इमारतीच्या जतनाचं काम अंगावर घेतलंत, अभिनंदन! आता सर्वांत आधी फलकाचा मजकूर लिहायला बसा. इमारत काय, शेदीडशे वर्षं उभीच आहे, आणखी थोडी कळ काढेल. अनावरणाला येणारे पाहुणे मात्र कळ काढत नाहीत.

मजकुरात पाहुण्यांचं नाव सर्वांत ठळक. त्याखाली अध्यक्ष, उपाध्यक्ष, निमंत्रक आणि ज्यांना वगळलं तर रुसतील असे सगळे. मग कोपऱ्यात जागा उरलीच तर इमारत कुणी बांधली ते. या बाबतीत लंडनच्या निळ्या फलकांचा आदर्श अजिबात ठेवू नका. तिथे गोल चकतीवर माणसाचं नाव, जन्ममृत्यूची सालं, त्याने काय केलं आणि तो इथे राहत होता, एवढंच. अनावरण कुणी केलं याचा पत्ता नाही. शिवाय त्या व्यक्तीच्या मृत्यूला किमान २० वर्षं व्हावी लागतात. वीस वर्षं थांबायचं म्हणजे तोवर आपली कार्यकारिणी बदललेली असणार!

फलक दर्शनी भिंतीवर, नक्षीच्या बरोब्बर मधोमध ठोका. खिळे लोखंडाचेच वापरा. लोखंड गंजलं की फुगतं आणि दगडाला आतून तडा देतं. तो तडा पुढच्या पिढीला आपोआप प्राचीन वाटेल.

आता नोंदणीचं किरकोळ काम. इतिहासासाठी परिसरातला सर्वांत वयस्कर माणूस गाठा आणि तो सांगेल ते लिहून घ्या. जुने नकाशे, खरेदीखतं, कराच्या नोंदी यांच्याशी पडताळून पाहण्याच्या फंदात पडू नका, त्यात चांगल्या गोष्टींचा बळी जातो. इमारतीखाली भुयार असतंच. ते दूरवरच्या किल्ल्यापर्यंत जातं आणि आता बुजलेलं असतं, त्यामुळे तपासायचा प्रश्नच येत नाही. दारावर कोरीव लेख असेल तर त्याचा ठसा घेत बसू नका. अक्षरांत पांढरा ऑइलपेंट भरा, फोटो छान येतो. अक्षर नीट लागलं नाही तर अंदाजाने पुरं करा.

मोजमापांचा फार बाऊ केला जातो. म्हणे खोलीचे कर्णही मोजा, कारण चार भिंती मोजून खोली काटकोनात आहे की नाही ते कळत नाही. म्हणे टेपचं टोक एका कोपऱ्यात धरून सगळ्या खिडक्यांची अंतरं सलग वाचा, प्रत्येक खिडकी सुटी मोजली तर चुकांची बेरीज होत जाते. होऊ द्या की! नकाशा शेवटी संगणकावर काढायचा आहे आणि संगणकाच्या रेषा सरळच असतात. जुन्या भिंती वाकड्या निघाल्या तर तो त्यांचा दोष. फोटोत मापपट्टी ठेवायची, उत्तर दिशा नोंदवायची, हेही थोतांडच. तुम्ही स्वतः कमानीखाली उभे राहा, मापाचं माप होतं आणि आठवणीची आठवण.

काटेकोर नोंदी ठेवल्या की काय आफत येते, ते पोलंडची राजधानी वॉर्सात पाहा. तिथल्या पॉलिटेक्निकच्या शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी दुसऱ्या महायुद्धापूर्वी जुन्या शहरातली घरं मोजून नकाशे काढले, नाझी अंमलात ते काम चोरून चालू ठेवलं आणि कागद एका मठात लपवले. शहर बेचिराख झालं, पण कागद वाचले. मग काय, लोकांना पुन्हा सगळं बांधत बसावं लागलं, आणि १९८० मध्ये ते जागतिक वारसा यादीत गेलं. पॅरिसच्या नोत्र-दाम या जुन्या चर्चचंही तेच. अँड्र्यू टॅलन नावाच्या कलेतिहासकाराने २०१० मध्ये लेझरने अब्जाहून अधिक बिंदू मोजून ठेवले होते. १५ एप्रिल २०१९ ला छप्पर जळालं तेव्हा ते बिंदू हाताशी होते. नसते, तर एखाद्या उत्साही माणसाला तिथे काचेचा घुमट बांधून आपलं नाव करता आलं असतं.

दुरुस्ती करताना सिमेंट सढळ हाताने वापरा. चुन्याच्या सांध्यांतून भिंतीतला ओलावा बाहेर पडतो, सिमेंट तो अडवून ठेवतं, मग शेजारचा दगड पापुद्रे टाकू लागतो. पण तोपर्यंत फोटो काढून झालेले असतात. जुन्या वास्तूंच्या जतनाचे आंतरराष्ट्रीय नियम सांगणारी १९६४ ची व्हेनिस सनद म्हणते की अटकळ सुरू होईल तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे. असं थांबायचं ठरवलं तर आपल्यातल्या कित्येकांना कामच उरणार नाही.

नोंदी जमल्याच तर एका पेनड्राइव्हवर ठेवा आणि तो सचिवांच्या खणात टाका. अमेरिकेत ऐतिहासिक इमारतींच्या नोंदणीचा सरकारी उपक्रम १९३३ पासून चालतो. तिथे कागद आणि शाई ५०० वर्षं टिकावी असा दंडक आहे, आणि नकाशे लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये कुणालाही पाहायला खुले. कुणालाही! उद्या कुणी येऊन आपली मापं तपासली म्हणजे?

राहता राहिली इमारत. लंडनच्या त्या फलकांपैकी पहिला १८६७ मध्ये कवी बायरनच्या जन्मघरावर लागला. फलक लागला म्हणून घराला कायद्याचं संरक्षण मिळत नाही, त्यामुळे १८८९ मध्ये ते घर पाडलं गेलं. यात खचण्यासारखं काही नाही. त्या जागेवर पुढे पुन्हा बायरनचे फलक लागले, म्हणजे पुन्हा अनावरण, पुन्हा हार, पुन्हा भाषणं. तेव्हा निमंत्रणपत्रिका छापताना तारखेची जागा कोरी ठेवा आणि थोड्या जास्तच छापून घ्या.