काळीज नसतं म्हणे

आज सकाळी आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भाच्याने ॲबाचं, म्हणजे त्या जुन्या स्वीडिश पॉप बँडचं, एक रील टाकलं. अग्नेथा 'द विनर टेक्स इट ऑल' गातेय आणि खाली लिहिलंय की हे शब्द तिच्या घटस्फोटित नवऱ्याने लिहिले आणि तिलाच गायला दिले. त्यावर रडक्या इमोजी, बदाम, नेहमीचं सगळं. आणि मग काकांचा मेसेज. "संसार मोडला तरी धंदा चालू. ह्या लोकांना काळीज नसतं."

मी तीनदा उत्तर लिहिलं आणि तीनदा खोडलं. काका ८४ वर्षांचे आहेत, गेल्याच महिन्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. ग्रुपवर त्यांच्याशी भांडणार नाही. पण हे वाक्य मी आधी ऐकलंय. त्यांच्याच तोंडून, १९८५ च्या जूनमध्ये, कराडला आमच्या दुकानाच्या पायरीवर, माझ्या आईबद्दल. दिवसभर कामात लक्ष लागलं नाही. म्हणून इथे लिहितेय. लांब होईल, ज्यांना वेळ आहे त्यांनी वाचा.

आधी ॲबाचं सांगते.

चौघं जण, दोन जोड्या. अग्नेथा आणि ब्योर्न नवरा-बायको, फ्रीडा आणि बेनी नवरा-बायको. १९७४ ला इंग्लंडमध्ये ब्रायटनला युरोव्हिजन ही गाण्यांची स्पर्धा जिंकले आणि तिथून जगभर पोचले. १९७९ च्या जानेवारीत अग्नेथा आणि ब्योर्न वेगळे झाल्याचं जाहीर झालं, दोन लहान मुलं पदरात असताना. १९८१ च्या फेब्रुवारीत बेनी आणि फ्रीडाचंही संपलं. आणि मधे जेमतेम महिना गेला असेल, मार्चमध्ये चौघंही स्टॉकहोमच्या पोलर स्टुडिओत नव्या अल्बमच्या कामाला हजर. ३० नोव्हेंबरला अल्बम बाजारात. 'द व्हिजिटर्स'. नऊ गाणी.

रीलवाले 'विनर'वरच अडकून बसतात. ते गाणं १९८० चं. मला विचाराल तर खरी कसोटी त्याच्या पुढच्या वर्षी होती. तोवर ब्योर्नने दुसरं लग्न केलेलं. बेनीच्या आयुष्यात दुसरी बाई आलेली. आणि ह्या दोघी स्टुडिओत यायच्या, कानाला हेडफोन लावायच्या आणि माइकसमोर उभ्या राहायच्या. काचेपलीकडे कोण बसलंय ते माहीत असताना. ॲबा ज्यांनी ऐकलंय त्यांना माहीत आहे, त्या दोघींचे आवाज एकमेकींत असे मिसळतात की कुठला कुणाचा ते सांगता येत नाही. त्यासाठी श्वास कुठे घ्यायचा, शब्द कुठे सोडायचा, सगळं जुळावं लागतं. घर मोडलेलं असताना हे जुळवायचं.

काळीज नसलेली माणसं हे करतात?

आमच्या दुकानात दोन पायमशिनी होत्या. एकीला पाठ लावून दुसरी. अण्णा कटिंग मास्टर, आई शिलाई मारायची. मे-जून म्हणजे शाळेच्या गणवेशाचा सीझन. १९८५ ला दोन शाळांची ऑर्डर होती, निळे टेरिकॉटचे स्कर्ट आणि पांढरे ब्लाउज, पंधरा जूनच्या आत पोचवायचे. आणि त्याच मार्चमध्ये अण्णा घर सोडून दुकानाच्या माळ्यावर राहायला गेले होते. का गेले ते इथे लिहिणार नाही, ते त्या दोघांचं होतं. मी दहा वर्षांची, चौथीतून पाचवीत गेलेली.

आई रोज सकाळी साडेनऊला दुकानात जायची. मशीनवरचं फडकं काढायची, तेलाचे दोन थेंब सोडायची, बॉबिन भरायची. अण्णा टेबलाशी उभे. खडू, टेप, मोठी कात्री. 'अहो' म्हणणं तिने बंद केलं होतं. नुसतंच विचारायची, "छत्तीसचे झाले का?" अण्णा म्हणायचे, "बांधून ठेवलेत." दिवसभरात एवढंच. घेर, नेफा, प्लेट, काज, बटण. मी सुट्टीत तिथेच बसून बटणं लावायचे, म्हणून मला सगळं ऐकू यायचं. ऐकू यायला फारसं काही नव्हतंच. मशिनीचा आवाज आणि मधूनच कात्रीचा.

आणि काका पायरीवर उभे राहून शेजारच्या दुकानदाराला मोठ्याने सांगत होते, "नवऱ्याशी पटत नाही म्हणून वेगळी राहते आणि त्याच्याच दुकानात मशीन मारते. काळीज आहे का दगड?" आईने पाय थांबवला नाही. मशीन चालूच. मी तिच्या हाताकडे बघत होते. टाका जराही वाकडा गेला नाही.

आज त्यांनी तेच लिहिलं म्हणून माझ्या डोक्यात गेलं.

असो. 'द व्हिजिटर्स'चं मुखपृष्ठ बघा कधी. स्टॉकहोमच्या स्कान्सेन ह्या खुल्या संग्रहालयात युलियस क्रोनबेरी नावाच्या चित्रकाराचा जुना स्टुडिओ आहे, तिथे काढलेला फोटो. अंधारी खोली, मागे भिंतीवर प्रेमदेवतेचं भलंमोठं चित्र आणि चौघं चार ठिकाणी. कुणी कुणाकडे बघत नाही. आधीच्या मुखपृष्ठांवर हीच माणसं एकमेकांना खेटून असायची. तो फोटो पहिल्यांदा बघितला तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "अगं बाई, हे तर आपलं दुकान."

काही लोक म्हणतात अल्बम थंड आहे. त्यांनी मधेच नवीन डिजिटल मशीन आणलं होतं, त्याने आवाज फार स्वच्छ, जरा काचेसारखा झाला, हे मान्य. (गंमत म्हणजे पुढच्या वर्षी जर्मनीत सीडी बनवायला सुरुवात झाली तेव्हा कारखान्यातून निघालेल्या अगदी पहिल्या सीडींमध्ये हाच अल्बम होता.) पण थंड? 'व्हेन ऑल इज सेड अँड डन' ऐका. बेनी आणि फ्रीडाच्या मोडलेल्या लग्नावरून ब्योर्नने शब्द लिहिले. चाल बेनी आणि ब्योर्नची. आणि गायली कोण? फ्रीडा. स्वतःच्या संसाराचा शेवट, ज्याच्याशी संसार केला त्याच्याच चालीवर. रडत नाही ती. ताठ उभी राहून गाते, आम्ही दोघांनीही प्रयत्न केला, आता पुढे जाऊ असं. ह्या बाईचा जन्म १९४५ चा, नॉर्वेतला. आई तिथलीच, बाप जर्मन सैनिक. दोन वर्षांची व्हायच्या आत आई गेली, आजीने स्वीडनमध्ये वाढवलं. बाप जिवंत आहे हे तिला १९७७ मध्ये कळलं, बत्तिशीची होत आली तेव्हा. तिला कोण शिकवणार दुःख कसं करायचं असतं ते?

पैसे मिळाले त्यांना, हो, रग्गड मिळाले. आणि अल्बममध्ये एक गाणं अगदीच पोरकट आहे, 'टू फॉर द प्राइस ऑफ वन', ते मी नेहमी पुढे ढकलते. ब्योर्न आजवर सांगत आलाय की 'विनर'मधली गोष्ट जशीच्या तशी त्याची नाही, त्यांच्यात कुणी जिंकलं-हरलं नव्हतं. ठीक आहे. तरी माझं म्हणणं तेच राहतं.

आता ज्या गाण्यासाठी एवढं सगळं लिहितेय ते. 'स्लिपिंग थ्रू माय फिंगर्स'. ब्योर्न आणि अग्नेथाची मुलगी लिंडा, १९७३ चा जन्म, म्हणजे तेव्हा आठ वर्षांची. ती शाळेत जायला निघाली, वळून हात केला, आणि बापाला वाटलं की ही आपल्या हातातून निसटून चाललीय, आपण काय काय बघायचं राहिलं. घर तर मोडलेलंच होतं, अर्धं बघायचं राहणारच होतं. बापाने लिहिलं आणि गायला दिलं लिंडाच्या आईला. बापाचे शब्द, आईचा आवाज, मुलगी दोघांची.

मी हे गाणं पहिल्यांदा २००८ मध्ये 'मामा मिया' ह्या ॲबाच्या गाण्यांवरच्या सिनेमात ऐकलं. तिथे आई लग्नाच्या दिवशी मुलीची तयारी करून देते. थिएटरमध्ये लोक मुसमुसत होते, मी नुसती बसून होते. घरी येऊन १९८१ चं मूळ गाणं शोधलं, ते कसं झालं ते वाचलं, आणि मग रात्री दीड वाजता स्वयंपाकघरात एकटीने रडले. माझी मुलगी तेव्हा पहिलीत होती. दप्तर तिच्यापेक्षा मोठं.

पण मला रडू मुलीमुळे आलं नव्हतं. मला माझा पाचवीतला स्कर्ट आठवला होता.

त्या जूनमध्ये ऑर्डरचं सगळं काम उरकल्यावर, चौदा तारखेच्या रात्री, माझा गणवेश झाला. अण्णांनी कापला, आईने शिवला. दोघांनी त्याबद्दल एकमेकांशी एक अक्षर बोललेलं मी ऐकलं नाही. अण्णांनी माझं मापसुद्धा घेतलं नाही, नुसतं एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं. आईने शेवटचं बटण लावलं, दोरा दातांनी तोडला, स्कर्ट झटकला आणि अण्णांच्या टेबलावर ठेवला. अण्णांनी इस्त्री फिरवली. मग घडी घालून माझ्या हातात दिला. सकाळी मी तो घालून शाळेत निघाले तेव्हा आई घराच्या दारात होती आणि अण्णा, शाळेच्या वाटेवर दुकान लागायचं, दुकानाच्या पायरीवर होते. त्याच पायरीवर.

त्यामुळे मला कुणी सांगू नये की वेगळं झालेल्या माणसांनी एकत्र काम केलं म्हणजे ती निर्ढावलेली. काय करायला हवं होतं माझ्या आईने? दुकानाला कुलूप लावून घरात तोंड लपवून बसायला हवं होतं? अडीचशे मुली पंधरा तारखेला काय घालून जाणार होत्या? आणि आम्ही काय खाणार होतो? "बाईमाणसाने असं करू नये" म्हणणाऱ्यांपैकी एकानेही त्या वर्षी आमच्याकडे पायलीभर ज्वारी पाठवली नाही. एकानेही! काकांनीही नाही. हे मी कुठे बोलत नाही, आज बोलते.

आम्हा मुलांना त्रास झाला नाही असं मी म्हणत नाही. झाला. त्या उन्हाळ्यात माझं रोज पोट दुखायचं. दोन बोलत नसलेल्या माणसांच्या मधे बसून बटणं लावणं सोपं नसतं. अग्नेथालाही दरवेळी सोपं गेलं असेल असं समजू नका. पण पोटात दुखत असताना बटणं लावली म्हणून आम्ही दगड होत नाही.

राग थोडा उतरला आता. चहा करून आले.

'द व्हिजिटर्स'नंतर त्यांनी १९८२ मध्ये थोडी गाणी केली आणि मग थांबले. भांडून, कोर्टात जाऊन, मुलाखतीत चिखलफेक करून नाही. नुसते थांबले. आमचं दुकानही असंच थांबलं, १९९१ ला. अण्णा इचलकरंजीला एका गारमेंटमध्ये लागले, आई घरीच ब्लाउज शिवायला लागली. अण्णा २००३ मध्ये गेले. ॲबाची चौघं मात्र चाळीस वर्षांनी, २०२१ च्या नोव्हेंबरात, 'व्हॉयेज' घेऊन आली. दहा गाणी, तीच चार माणसं, सत्तरी ओलांडलेली. मधल्या काळात फ्रीडाची मुलगी अपघातात गेली, पाठोपाठ नवरा गेला. तरी ती माइकसमोर परत उभी राहिली, बेनीच्याच चालीवर. त्यालाही लोक धंदा म्हणाले. म्हणोत. मी तो अल्बम आला त्या रात्री सगळा ऐकला आणि आमच्या त्या दोन मशिनी आठवत बसले.

मघाशी आईला फोन केला. तिला ॲबा माहीत नाही, सांगायला गेलेही नाही. काकांच्या मेसेजबद्दलही बोलले नाही, तिच्या फोनमध्ये तो ग्रुप नाही हे बरंच आहे. फक्त विचारलं, "आई, त्या वर्षी अण्णांशी बोलत नव्हतीस, मग एवढी ऑर्डर कशी केली गं तुम्ही?"

ती म्हणाली, "पंधराला शाळा होती."

मी म्हटलं, "आणि माझा स्कर्ट? आठवतो तुला?"

"न आठवायला काय झालं," ती म्हणाली. "मी शिवायला घेतला तर घेराला ही एवढी माया सोडलेली, चांगली चार बोटं. बाकीच्या स्कर्टांना दीड बोट सोडायचे ते. मी काही बोलले नाही, आत दुमडून टाके घातले. मग दर जूनला उसवून थोडा थोडा खाली सोडत गेले. सातवीपर्यंत तोच घातलास तू."