विठोबाच्या पायांपाशी वशिला नको

आषाढी जवळ आली की आमच्या न्यू जर्सीच्या मराठी ग्रुपवर पंढरपूरचा विषय निघतोच. यंदाचा सूर असा: पदस्पर्श बंद करून सगळ्यांना मुखदर्शनच, म्हणजे लांबूनच दर्शन द्या, मूर्तीची झीज थांबेल, रांगही झरझर सरकेल. शिवाय पैसे भरून वेळ मिळत असेल तर आपल्यासारख्या मोजक्या सुट्टीवर येणाऱ्यांची सोय होईल.

मला यातलं काहीच पटत नाही.

इथे ब्रिजवॉटरला बालाजीचं मंदिर आहे. मी तिथे मनापासून जाते. गाभाऱ्यात पाऊल टाकायचं ते फक्त पुजाऱ्यांनी, ही तिथली रीत आणि ती मला मान्य आहे. पंढरीची रीत मात्र वेगळी. माझी मावशी आषाढीला गोपाळपूरला दर्शनरांगेच्या पत्राशेडमध्ये रात्र काढते. गाभाऱ्यात तिला मिळतो तो क्षणभरच. मागून ‘चला माउली, चला’ सुरू असतं. तेवढ्यात ती दोन्ही तळवे विठोबाच्या पायांवर ठेवते, डोकं टेकते आणि तेच हात तोंडावरून फिरवते. मध्ये कुणी नसतं. ते काढून घेतलं तर पंढरपुरात उरलं काय?

आणि हा हक्क आयता मिळालेला नाही. चोखोबांची समाधी आजही महाद्वाराबाहेर आहे. दलितांना आत घ्यावं म्हणून साने गुरुजींना १९४७ साली प्राणांतिक उपोषणाला बसावं लागलं. बडवे-उत्पात या पुजारी घराण्यांचे मंदिरावरचे परंपरागत हक्क संपले ते २०१४ मध्ये, सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर. इतक्या झगड्यानंतर त्या रांगेत आता पैशाची पायरी बांधायची?

झीज खरी आहे. मूर्तीला वज्रलेप, म्हणजे झीज रोखणारा लेप करावा लागतो, तो जाणकारांकडून करून घ्यावा. २०२४ मध्ये संवर्धनाच्या कामासाठी अडीच महिने पदस्पर्श बंद होता. वारकऱ्यांनी ते समजून घेतलं. कामापुरतं बंद ठेवणं वेगळं, कायमचं वेगळं.

मंदिर परिसरासाठी आखलेल्या कॉरिडॉर प्रकल्पाबद्दलही माझा प्रश्न एवढाच आहे की रांगेतल्या बाईला सावली, पाणी आणि स्वच्छ शौचालय मिळणार का, आणि ज्यांची घरं-दुकानं जाणार त्यांचं काय. आषाढीत देवाचा पलंग काढतात, पाठीशी लोड देतात, कारण तो रात्रंदिवस उभा राहणार असतो. देव उभा राहतो तर रांगेची नीट व्यवस्था करणं आपल्याला जड का जावं?

परदेशातल्या आपल्या माणसांना माझी विनंती आहे, ओळखीची पत्रं मागू नका. वेळ नसेल तर मुखदर्शन घ्या. तेही जमलं नाही तर नामदेव पायरीशी डोकं टेका, कळसाला हात जोडा. आषाढीला कितीतरी वारकरी तेवढंच करून समाधानाने गावी परततात.